व्हेरोनिका रॉड्रिग्स

व्हेरोनिका फिलोमिना रॉड्रिग्स (इ.स. १९५३, केनिया – १० नोव्हेंबर, इ.स. २०१०) या गोमंतकीय कुळातील चेताशास्त्रज्ञ होत्या. मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि पुढे त्याच संस्थेचा भाग असलेल्या बंगळूर येथील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात त्यांनी संशोधन केले. फळमाशीला चव आणि वास कसा कळतो, तिच्या मेंदूत वासांची मांडणी कशी असते आणि ती मांडणी माशीच्या वाढीच्या काळात मुळात घडते कशी, हे त्यांच्या अभ्यासाचे तीन क्रमाक्रमाने खोल जाणारे विषय होत. टाटा संस्थेच्या जीवशास्त्र विभागाच्या त्या प्रमुख होत्या.

मेंदूच्या जडणघडणीवर काम करणाऱ्या भारतीय प्रयोगशाळा फार थोड्या होत्या, अशा काळात रॉड्रिग्स यांनी हा विषय हाती घेतला आणि सुमारे तीन दशके तो सोडला नाही. त्यांचे नाव सर्वसामान्य वाचकांत फारसे परिचित नाही. भारतातील विकासात्मक चेताशास्त्राचा इतिहास मात्र त्यांच्याशिवाय सांगता येत नाही.

कुळ आणि शिक्षण

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून गोव्यातील अनेक कुटुंबे पूर्व आफ्रिकेत गेली. रेल्वे, सरकारी कचेऱ्या, शिवणकाम, शिक्षण अशा क्षेत्रांत त्यांनी तेथे बस्तान बसविले. नैरोबी, मोंबासा, कंपाला या शहरांत गोमंतकीयांचे क्लब, शाळा आणि चर्चमंडळे उभी राहिली. रॉड्रिग्स यांचे आईवडील याच प्रवाहातून गोव्याहून केनियात गेलेले होते. व्हेरोनिका यांचा जन्म झाला तेव्हा केनिया ब्रिटिशांच्या आणि गोवा पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. त्या दहा वर्षांच्या होण्याच्या सुमारास दोन्ही सत्ता संपल्या. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला आणि १२ डिसेंबर १९६३ रोजी केनिया स्वतंत्र झाला. जन्मभूमी एक, पूर्वजांची भूमी दुसरी आणि राज्यकर्ते तिसरेच, अशी या पिढीतील अनेकांची स्थिती होती. आपण कोठले, या प्रश्नाला त्यांच्याजवळ सरळ उत्तर नसे.

उच्च शिक्षणासाठी त्या युगांडातील कंपाला येथील मॅकेरेरे विद्यापीठात गेल्या. पूर्व आफ्रिकेतील ते त्या काळचे सर्वांत नामांकित विद्यापीठ होते. परंतु १९७१ च्या जानेवारीत इदी अमीन याने लष्करी बळावर सत्ता घेतली आणि पुढच्याच वर्षी आशियाई वंशाच्या लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्याचा हुकूम काढला. विद्यापीठीय जीवनाची घडी विस्कटली. युगांडातील या अस्थिरतेमुळे रॉड्रिग्स यांचे शिक्षण तेथे पूर्ण होऊ शकले नाही. त्या आयर्लंडला गेल्या आणि डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातून त्यांनी सूक्ष्मजीवशास्त्रात पदवी घेतली.

पदवीनंतर युरोपात किंवा अमेरिकेत राहणे सोयीचे झाले असते. त्यांनी मुंबईची वाट धरली. याचे कारण एका व्यक्तीच्या संशोधनात सापडते. डॉ. ओबेद सिद्दिकी यांनी जीवाणूंच्या जनुकीय देवाणघेवाणीवर केलेले काम सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थिनीला माहीत असणे स्वाभाविक होते. त्या कामाने प्रभावित होऊन त्या १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात सिद्दिकी यांच्या प्रयोगशाळेत पीएच.डी.साठी दाखल झाल्या. भारतात त्या पूर्वी राहिलेल्या नव्हत्या.

कुलाब्याची प्रयोगशाळा

डॉ. होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून सिद्दिकी यांनी १९६२ मध्ये टाटा संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचा गट सुरू केला होता. भौतिकशास्त्र आणि गणित यांसाठी प्रसिद्ध असलेल्या संस्थेत जीवशास्त्राला जागा देणे हा भाभांचा दूरदर्शीपणा होता. रॉड्रिग्स तेथे आल्या तेव्हा सिद्दिकी यांनी जीवाणू बाजूला ठेवून माशीकडे मोर्चा वळविला होता. अमेरिकेत सीमोर बेन्झर यांच्यासोबत काम करताना, तापमान वाढताच लुळ्या पडणाऱ्या फळमाश्यांचे प्रकार त्यांनी शोधले होते. एका जनुकात बिघड झाला की वर्तनात नेमका कोणता फरक पडतो, हे पाहून चेतासंस्थेचे कार्य उलगडावयाचे, अशी ही पद्धत होती.

ही माशी म्हणजे ड्रॉसोफिला. जास्त पिकलेल्या केळ्यांवर किंवा पेरूंवर घोंघावणारी जी चिलटे प्रत्येक घरात दिसतात, ती बहुधा हीच असतात. लांबी सुमारे अडीच ते तीन मिलिमीटर. पंचवीस अंश सेल्सिअस तापमानात अंड्यापासून पूर्ण माशी होण्यास दहा दिवस पुरतात. गुणसूत्रांच्या जोड्या केवळ चार. टॉमस हंट मॉर्गन यांनी १९१० मध्ये पांढऱ्या डोळ्यांची माशी टिपल्यापासून आनुवंशिकीच्या अभ्यासात तिच्याइतका उपयोग दुसऱ्या कोणत्याही कीटकाचा झालेला नाही. काचेच्या बाटलीत, साध्या खाद्यावर ती वाढते. महागडी यंत्रसामग्री परदेशातून आणणे दुरापास्त असलेल्या त्या काळातील भारतीय प्रयोगशाळेला हा प्राणी परवडणारा होता, हेही लक्षात घेतले पाहिजे.

चवीचे आणि वासाचे उत्परिवर्ती

रॉड्रिग्स यांच्या पीएच.डी.च्या कामाचा गाभा सोपा वाटतो, पण त्याला चिकाटी अफाट लागते. रसायनांच्या साहाय्याने माश्यांच्या जनुकांत बदल घडवून आणावयाचे, त्यांची संतती वाढवावयाची आणि हजारो माश्यांमधून ज्यांना चव किंवा वास नीट कळत नाही त्या वेगळ्या काढावयाच्या. माशी गोड आणि कडू सांगू शकत नाही, म्हणून तिची परीक्षा खाण्यातून घ्यावी लागे. आगरमध्ये साखर व खाद्यरंग मिसळून तो माश्यांपुढे ठेवीत आणि नंतर त्यांचे पोट तपासीत. पोट रंगलेले दिसले की माशीने ते खाल्ले. साखरेऐवजी कडू क्विनीन किंवा मीठ घातले की निरोगी माशी ते टाळते, दोष असलेली टाळत नाही. वासासाठी इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचा मार्ग वापरीत. एका फाट्यात वास सोडलेला, दुसऱ्यात नाही. कोणत्या फाट्यात किती माश्या गेल्या ते मोजावयाचे.

या गाळणीतून चव व वास यांच्याशी संबंधित कितीतरी उत्परिवर्ती प्रकार हाती आले. सिद्दिकी व रॉड्रिग्स यांनी १९७८ पासून ते प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. १९८१ च्या निबंधात वर्णिलेल्या एका प्रकारात माशीला ग्लुकोजसारख्या पायरॅनोज वर्गातील शर्करांची चव कळेनाशी झालेली होती, परंतु फ्रुक्टोजची चव कळत होती. याचा अर्थ गोड ही एकच चव वाटत असली तरी माशीच्या चवपेशीवर निरनिराळ्या शर्करांसाठी निरनिराळे ग्राही असले पाहिजेत. ग्राही रेणू प्रत्यक्ष हाती येण्याच्या कितीतरी आधी केवळ वर्तन आणि विद्युतमापन यांवरून काढलेला हा निष्कर्ष होय. १९८७ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात या गटाचा आणखी एक निबंध आला. त्यातील माशी मिठाकडे आकर्षित होत असे. तपासांती असे आढळले की, साखरेची जाणीव करून देणारी तिची चेतापेशी मिठालाही प्रतिसाद देत होती. थोडक्यात, मीठ लागताच मेंदूला साखरेचा निरोप जात होता. चेतापेशी कोणत्या पदार्थाला ओळखणार हे जनुक ठरविते आणि ती ओळख चुकली की वर्तनही चुकते, हे एवढ्या स्वच्छ रीतीने दाखविणारी उदाहरणे थोडीच आहेत.

ट्यूबिंगेन आणि वासाचा नकाशा

पीएच.डी.नंतर रॉड्रिग्स जर्मनीत ट्यूबिंगेन येथील जैविक सायबरनेटिक्सच्या माक्स प्लांक संस्थेत गेल्या. तेथे एरिश बुखनर यांच्यासोबत त्यांनी जो प्रयोग केला, त्याने त्यांच्या पुढील सर्व संशोधनाला दिशा दिली.

माशीला नाक नसते. डोक्यावरील दोन आखूड शृंगिकांवर सूक्ष्म केसांसारखे अवयव असतात आणि त्यांत घ्राणपेशी दडलेल्या असतात. एका शृंगिकेत अशा सुमारे बाराशे पेशी असतात. त्यांचे तंतू मेंदूच्या पुढील भागातील घ्राणखंडात जातात. हा खंड द्राक्षांच्या घोसासारखा लहान लहान गोलकांचा बनलेला असतो. या गोलकांना ग्लोमेरुलस म्हणतात. मराठीत गुच्छिका म्हणता येईल. माशीत अशा सुमारे पन्नास गुच्छिका आहेत. प्रश्न असा होता की, सर्व वास सर्व गुच्छिकांत पसरतात की प्रत्येक वासाच्या वाट्याला ठरावीक गुच्छिका येतात?

काम करणारी चेतापेशी अधिक साखर वापरते. रॉड्रिग्स व बुखनर यांनी किरणोत्सारी खूण लावलेले, साखरेसारखेच एक द्रव्य माश्यांना दिले आणि त्यांना एका विशिष्ट वासात ठेवले. नंतर मेंदूचे अतिशय पातळ काप घेऊन छायाचित्रण फिल्मसारख्या थरावर खूण कोठे उमटते ते पाहिले. मोहरीच्या दाण्याहून लहान असलेल्या मेंदूत हे करणे किती नाजूक काम असेल, याची कल्पना करावी. निराळ्या वासांनी निराळ्या गुच्छिका उजळल्या. हे काम १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. मुंबईस परतल्यावर रॉड्रिग्स यांनी ते पुढे नेले आणि १९८८ च्या निबंधात घ्राणखंडातील वासांच्या स्थानिक मांडणीचे अधिक तपशीलवार चित्र दिले.

या तारखा ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. सस्तन प्राण्यांतील घ्राणग्राहींची जनुके लिंडा बक व रिचर्ड ॲक्सल यांनी १९९१ मध्ये शोधली आणि त्यासाठी त्यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. माशीतील घ्राणग्राहींची जनुके १९९९ मध्ये सापडली. एका प्रकारचा ग्राही असलेल्या सर्व पेशी एकाच गुच्छिकेत जाऊन मिळतात, हे त्यानंतर सिद्ध झाले. म्हणजे नकाशा आहे हे रॉड्रिग्स यांना जनुके हाती येण्याच्या दहा-पंधरा वर्षे आधी दिसले होते. तो कोणत्या अक्षरांत लिहिला आहे ते नंतर कळले.

मुख्य प्रश्न: नकाशा काढतो कोण?

टाटा संस्थेत स्वतःचा गट उभा केल्यावर रॉड्रिग्स यांनी आपल्या प्रश्नाची मांडणी बदलली. प्रौढ माशीच्या मेंदूत वासांचा नकाशा आहे, हे ठरले. पण अळीच्या मेंदूत तो नसतो. अळी कोषात जाते आणि सुमारे चार दिवसांत तिचे जवळजवळ सारे शरीर नव्याने घडते. शृंगिका या काळातच तयार होतात. त्यांतील शेकडो चेतापेशींना आपापले तंतू मेंदूकडे धाडावे लागतात आणि प्रत्येक तंतूला पन्नासांपैकी नेमकी एक गुच्छिका गाठावी लागते. हे कोण ठरविते? मेंदू आधीच खोल्या बांधून ठेवतो आणि तंतू आपापल्या खोलीत शिरतात, की येणारे तंतूच खोल्या बांधतात?

हा प्रश्न केवळ माशीपुरता नाही. इंद्रिये मेंदूला घडवितात की मेंदू इंद्रियांची वाट पाहत तयारच असतो, हा चेताशास्त्रातील एक जुना वाद आहे. मांजराच्या पिलाचा एक डोळा काही काळ झाकून ठेवला तर त्याच्या मेंदूतील दृष्टीच्या भागाची रचना बदलते, हे ह्यूबेल आणि वीझेल यांनी १९६० च्या दशकात दाखविले होते. माशीत जनुके मनाप्रमाणे बदलता येत असल्याने तोच वाद अधिक धारदार स्वरूपात तपासता येणार होता.

रॉड्रिग्स यांच्या गटाने सुरुवात बाहेरच्या टोकापासून, म्हणजे शृंगिकेपासून केली. शृंगिकेवरील घ्राणकेसांचे आकारावरून मुख्यतः तीन प्रकार पडतात. त्यांतील एका प्रकारचे केस लहान खळग्यात बसलेले असतात. हे खळगेदार केस तयार होण्यास ॲटोनल हे जनुक आवश्यक असते, असे १९९७ मध्ये या प्रयोगशाळेने दाखविले. पुढच्या वर्षी लोझेंज या जनुकाविषयीचे काम आले. लोझेंजची मात्रा किती आहे यावरून उरलेल्या केसांचा प्रकार ठरतो, असे त्यात आढळले. एकच जनुक कमीअधिक प्रमाणात वापरून निसर्ग निराळे अवयव घडवितो, हा निष्कर्ष माशीपलीकडेही महत्त्वाचा ठरला. लोझेंज ज्या कुळातील आहे त्याच कुळातील एका मानवी जनुकाचा रक्ताच्या कर्करोगाशी संबंध आहे.

त्यानंतर त्यांनी तंतूंच्या प्रवासाकडे लक्ष वळविले. २००० आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेले निबंध या संदर्भात सर्वांत अधिक उद्धृत होण्याच्या योग्यतेचे आहेत. ॲटोनलवर अवलंबून असलेल्या चेतापेशींची संख्या थोडी असते, पण त्यांचे तंतू घ्राणखंडात आघाडीवर राहून काम करतात. रानात पहिली पाऊलवाट पाडणाऱ्या वाटाड्यांची उपमा त्यांना शोभेल. ॲटोनल जनुक निकामी केले की हे वाटाडे जन्मतच नाहीत. मग इतर प्रकारच्या पेशी शाबूत असूनही त्यांच्या तंतूंची मांडणी बिघडते आणि घ्राणखंडात गुच्छिकांची घडण नीट होत नाही. तंतूंना वेढणाऱ्या आधारपेशी, ज्यांना ग्लिया म्हणतात, त्यांचाही या घडणीत वाटा असतो. या आधारपेशींना पूर्वी केवळ भराव मानीत. रॉड्रिग्स यांच्या गटाने शृंगिकेतील आधारपेशींचे निरनिराळे प्रकार ओळखून त्यांचा स्वतंत्र अभ्यास केला.

वाटाड्यांना तरी वाट कशी कळते? २००४ मधील निबंधात याचे एक उत्तर आहे. तंतूच्या टोकावर रोबो नावाचे ग्राही असतात आणि स्लिट नावाच्या प्रथिनाला ते प्रतिसाद देतात. स्लिट तंतूला दूर लोटते. रोबोचे तीन प्रकार आहेत. कोणत्या तंतूवर त्यांपैकी कोणते किती आहेत, यावरून तो घ्राणखंडात किती खोल जाऊन थांबणार हे ठरते. रोबोचे प्रमाण कृत्रिमरीत्या बदलले असता तंतू भलत्याच ठिकाणी जाऊन थांबले. हेच रेणू मणक्याच्या प्राण्यांच्या चेतारज्जूतही दिशादर्शनाचे काम करतात.

दुसरी बाजू

याच काळात अमेरिकेत लिक्वुन लुओ यांच्या प्रयोगशाळेतून निराळे चित्र पुढे येत होते. घ्राणखंडातून वासाचा निरोप मेंदूच्या पुढील भागांत नेणाऱ्या ज्या निर्यातपेशी आहेत, त्यांच्या शाखा शृंगिकेतून तंतू येऊन पोचण्यापूर्वीच खंडात ढोबळमानाने आपापल्या जागी पसरलेल्या असतात, असे त्यांनी २००१ ते २००४ या काळात दाखविले. म्हणजे खोल्यांची निदान आखणी तरी मेंदू स्वतः करून ठेवतो.

वरवर पाहता हे रॉड्रिग्स यांच्या निष्कर्षाच्या विरुद्ध वाटते. वस्तुतः दोहोंत तथ्य आहे. आखणी आतून होते, परंतु बाहेरून येणाऱ्या तंतूंवाचून तिला पक्के, वेगवेगळे गोलकांचे रूप येत नाही. एखाद्या शास्त्रज्ञाचे मोल अशा प्रसंगी कळते. आपल्या पक्षाचे समर्थन करीत बसण्यापेक्षा रॉड्रिग्स यांच्या गटाने तपास दुसऱ्या टोकाकडून, म्हणजे मेंदूच्या आतून, सुरू केला. स्वित्झर्लंडमधील बाझेल विद्यापीठाचे हाइनरिश राइशर्ट हे माशीच्या मेंदूतील पेशीवंशांचे जाणकार होते. त्यांच्या सहकार्याने घ्राणखंडातील पेशी कोणत्या मूळपेशींपासून निघतात याचा मागोवा घेण्यात आला.

माशीच्या मेंदूत चेतापेशींना जन्म देणाऱ्या थोड्या जनकपेशी असतात. प्रत्येक जनकपेशी वारंवार विभागून आपला एक वंश निर्माण करते. प्रौढ मेंदूतील पेशी कोणत्या घराण्यातील आहे, यावरून तिचे काम ओळखता येईल का, हा येथे कळीचा मुद्दा होता. २००८ च्या निबंधात या गटाने दाखविले की, घ्राणखंडातल्या घ्राणखंडात काम करणाऱ्या स्थानिक पेशी आणि निरोप बाहेर नेणाऱ्या निर्यातपेशी या दोन्ही एकाच जनकपेशीच्या वंशात निपजतात. या वंशाची ओळख ठरविणारे जनुक एम्प्टी स्पायरॅकल्स हे होय. कामाने परस्परांहून अगदी भिन्न असलेल्या पेशी एकाच कुळातल्या निघाव्यात, हे त्या वेळी पुष्कळांना अनपेक्षित होते. या जनुकाचे भाईबंद सस्तन प्राण्यांच्या प्रमस्तिष्काच्या वाढीतही भाग घेतात. माशीचा मेंदू आणि उंदराचा मेंदू यांतील अंतर दिसते तेवढे मोठे नाही, हा विचार राइशर्ट यांच्या कामात पूर्वीपासून होता. रॉड्रिग्स यांच्या सहयोगाने त्याला घ्राणसंस्थेचा आधार मिळाला.

मुंबई ते बंगळूर

सिद्दिकी यांच्या नेतृत्वाखाली टाटा संस्थेचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र बंगळूर येथे उभे राहिले आणि १९९० च्या दशकात तेथील कृषी विद्यापीठाच्या आवारात त्याची वास्तू झाली. कुलाब्याच्या जीवशास्त्र गटातील अनेक जण तिकडे गेले. रॉड्रिग्स दीर्घकाळ मुंबईतच राहिल्या. गटातील बरीच मंडळी गेल्यावर मुंबईचा विभाग टिकवून धरणे सोपे नव्हते. त्या विभागाच्या प्रमुखपदाची जबाबदारी त्यांनी पेलली. प्रशासन आणि प्रयोगशाळा ही दोन्ही ओझी एकाच वेळी वाहावी लागली, तरी वर सांगितलेले बहुतेक महत्त्वाचे निबंध याच वर्षांतील आहेत, ही गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. आयुष्याच्या अखेरच्या पर्वात त्या बंगळूरच्या केंद्रात गेल्या. तेथे के. विजयराघवन यांच्या गटाशी त्यांचे निकटचे सहकार्य होते. विजयराघवन माशीच्या स्नायूंच्या व चेतासंस्थेच्या वाढीवर काम करीत आणि पुढे ते भारत सरकारचे प्रमुख वैज्ञानिक सल्लागार झाले.

रॉड्रिग्स यांच्या निबंधांवरील सहलेखकांची नावे पाहिली असता एक गोष्ट सहज दिसते. मेंदूच्या घडणीवरील त्यांचे मुख्य निबंध प्रायः त्यांच्या विद्यार्थ्यांच्या नावाने सुरू होतात आणि त्यांत विद्यार्थिनींची संख्या लक्षणीय आहे. जीवशास्त्रात पहिले नाव प्रत्यक्ष प्रयोग करणाऱ्याचे आणि शेवटचे मार्गदर्शकाचे असा रिवाज आहे. १९७८ मध्ये मार्गदर्शकाच्या शेजारी ज्यांचे नाव विद्यार्थिनी म्हणून छापले गेले, त्यांचेच नाव दोन दशकांनी मार्गदर्शकाच्या जागी सरकलेले दिसते.

अखेरचे संशोधन

शेवटच्या काळात त्यांना स्तनाच्या कर्करोगाने ग्रासले होते. आजारपणातही संशोधन थांबले नाही. या वेळी त्यांच्यापुढे आणखी एक प्रश्न होता. मेंदूची घडण कोषातून माशी बाहेर पडताच पूर्ण होते की पुढेही अनुभवाने बदलत राहते? कोणत्याही घरात नव्याने शिरल्यावर तेथील वास जाणवतो आणि थोड्या वेळाने जाणवेनासा होतो. सरावामुळे प्रतिसाद कमी होणे, हा स्मृतीचा सर्वांत साधा प्रकार मानला जातो. माशीला चार दिवस एकाच वासात ठेवले की तिचा त्या वासाला मिळणारा प्रतिसाद दीर्घकाळ मंदावतो आणि वास काढून घेतल्यावर काही दिवसांनी पूर्ववत होतो.

हा बदल मेंदूत नेमका कोठे होतो, याचा शोध विजयराघवन आणि डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातील मणी रामस्वामी यांच्या सहभागाने घेण्यात आला. ज्या कॉलेजातून रॉड्रिग्स यांनी पदवी घेतली होती, त्याच कॉलेजाशी हा सहयोग व्हावा, हा योगायोगच म्हणावा लागेल. घ्राणखंडातील स्थानिक पेशी इतर पेशींना आवर घालण्याचे काम करतात. सरावलेल्या वासाच्या वाट्याला आलेल्या गुच्छिकेत हा आवर बळावतो आणि म्हणून निरोप क्षीण होतो, असे या संशोधनातून निष्पन्न झाले. ज्या स्थानिक पेशींचा वंश २००८ मध्ये शोधला होता, त्याच वर्गातील पेशी शिकण्याच्या या प्रकारात कार्यरत असलेल्या आढळल्या.

१० नोव्हेंबर २०१० रोजी रॉड्रिग्स यांचे निधन झाले. वासाच्या सरावाविषयीचा हा निबंध अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे गुरू ओबेद सिद्दिकी यांचे त्यानंतर दोन वर्षांनी, २६ जुलै २०१३ रोजी, बंगळूर येथे निधन झाले.